दोन इंजिनांवर बोललेला नवस

६ जाने. ७९, शनि. दौंड
घरात सपाट जमीन एकच, देवघरापुढची. म्हणून ह्यांच्या खेळण्यातल्या विमानाचे पंख तिथं. लाकूड कसलं, पापडासारखं. धक्का लागायची भीती. पदर सावरून, पाय उचलून दिवा लावते. हे दिवसभर रेल्वेच्या शेडमध्ये फिटर, घरी आले की वैमानिक. हातात रेडिओचा डबा, त्याच्या इशाऱ्यावर विमान वर, हे खाली. मागचं एका इंजिनाचं राहू गावच्या उसात पडलं. त्यातून शिकले काय, तर आता दोन. "एक बंद पडलं तर दुसरं आहे." जोडीतला एक बैल बसला तर दुसरा गाडी सरळ नेतो का? शेतकऱ्याच्या पोरीला कोण विचारतं.
मारुतीला नवस बोलले. हे खूळ घरातून जाऊ दे, पाच नारळांचं तोरण वाहीन.

१४, रवि. संक्रांत
सणासुदीला अंगणात जळक्या एरंडेलाचा वास. इंधनात घालतात म्हणे. दोन्ही इंजिनं सुरू केली. शेडच्या ठोकाठोकीनं ह्यांचे कान गेलेत, म्हणाले, "एकसारखी आहेत." कसली एकसारखी. भजनात दोन तंबोरे नीट लागले नाहीत की आवाज हेलकावतो, तसं वांव-वांव. डावं उतरलेलं. "अहो, ते डावं..." म्हणाले तर, "तुला मॅट्रिकला इंजिन होतं का?"
नव्हतं. तिळगूळ वळायला आत गेले.

२१, रवि. शिरूर
उडवायचं तेही माझ्या माहेरी. नदीकाठचा माळ, सगळी आळी गोळा. दादा म्हणाला, "दाजी, दोन इंजिनं म्हंजी एक पडाया आन् एक रडाया व्हय?" हे हसले नाहीत. मला हळूच म्हणाले, "आज पडलं तर परत हात लावणार नाही."
सुरू केलं आणि तेच. वांव-वांव. मी चार पावलांवर. एक शब्द पुरला असता. नवस आठवला.
चांगलं उंच गेलं. वहिनी म्हणाली, "वन्सं, बघा तरी." बघितलं. मग डावं बंद. बसल्या बैलाकडं गाडी वळावी तसं डावीकडं वळलं, ते थेट मातीत.
कोणी हसलं नाही. दादासुद्धा. हसले असते तर बरं झालं असतं.

२२, सोम.
तुकडे माझ्या शालीत. एस.टी.त हे दौंडपर्यंत मांडीवर घेऊन बसले, मयतासारखं. शालीला एरंडेल लागलं ते निघत नाही.

२६, शुक्र.
ह्यांना सुट्टी. सकाळीच देवघरापुढं परत लाकूड मांडलं.
"हात लावणार नाही म्हणाला होतात."
"उजवं इंजिन धड आहे."
म्हणजे विमान गेलं, खूळ आहे. नवसात विमान म्हटलंच नव्हतं मी. मग फिटला की नाही? गुरवाला विचारावं तर काय मागितलं ते सांगावं लागेल.
दुपारी डिंक लावता लावता म्हणतात, "अगं, संक्रांतीला तू काहीतरी सांगायला आली होतीस. काय गं?"
म्हटलं, "तिळगूळ घ्या, म्हणत होते."
बघत राहिले माझ्याकडं. उद्या शनिवार. नारळ आणलेत, पाच. फडताळात लपवून ठेवलेत. वाहायचे की नाही, अजून ठरत नाही.