तुमच्या अंत्यविधीचा वृत्तांत

आदरणीय मामा, बाम्बो वायसन कांडोजे यांना,
मुक्काम जोनी, मालकांच्या बंगल्यामागची खोली.

गुडघे टेकून नमस्कार. तुम्ही बरे असाल तर आम्हीही बरे आहोत. हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक पत्रात असते आणि त्याचे उत्तर कुणी देत नाही, पण या वेळी मला ते खरोखर हवे आहे. तुमची तब्येत कशी आहे? गुडघा दुखायचा थांबला का? जेवण जाते का, श्वास नीट चालू आहे ना? उलट टपाली, शक्यतो स्वतःच्या अक्षरात कळवावे, कारण इथे गेल्या महिन्यात तुम्ही वारलात.

घाबरू नये. वॉर्डात ड्यूटी सोपवताना आम्ही सांगतो तसे मी क्रमाने सांगते: आधी पेशंट कसा आला, मग काय दिले, मग काय झाले. (तुमच्या बाबतीत शेवटचे आधी लिहून बसले, त्याबद्दल क्षमा असावी.) एवढे मात्र आत्ताच सांगून ठेवते की तुमच्या मरणामुळे माझे लग्न बाम्बो न्गालांदे यांच्याशी, म्हणजे मक्याच्या गिरणीवाल्यांशी, ठरल्यात जमा आहे. मला ते करायचे नाही. आणि ते मोडणे फक्त तुमच्या हातात आहे, तेही जिवंत होऊन.

आमचे घर तुम्हाला ठाऊक आहे. मी, माझी लेक तामांदानी, आणि माझे फॉस्टन जंगलखात्यात असताना डोंगरावरून जी जखमी जनावरे उचलून आणत त्यांपैकी उरलेली तिघे. घुबडाचा मोडका पंख त्यांनी काडी बांधून सांधला, तो वाकडा सांधला (घरात नर्स असून तिला विचारले नाही), म्हणून ते उडत नाही. कपाटावर बसून मान फिरवत सगळ्यांवर नजर ठेवते, म्हणून त्याचे नाव मेट्रन. कासवाचे नाव अँब्युलन्स, कारण बोलावल्यावर ते नक्की येते, पण काम आटोपल्यावर. तिसरा रंग बदलणारा सरडा. तो पडद्यावर असतो आणि त्याचे नाव तामांदानी रोज बदलते. घुबड पाळणारी बाई चेटकीण असते असे आमच्या शेजाऱ्यांचे मत आहे, पण सुनेला कळा सुरू झाल्या की ते याच चेटकिणीचे दार ठोठावतात, त्यामुळे आमचे बरे चालले आहे.

माझ्या गोष्टी लिहिण्याचे म्हणाल तर त्यात माझा दोष कमी आणि तामांदानीचा जास्त. फॉस्टन तिला जेवताना रोज काहीतरी सांगत. ते गेल्यावर ती ताट पुढ्यात घेऊन माझ्याकडे बघत बसे. मी कमी बोलणारी, हे तुम्हीच साऱ्या गोतावळ्यात सांगितलेले आहे. तोंडाने जमेना म्हणून लिहून वाचून दाखवू लागले. चुलीवर मक्याच्या पिठाची न्सीमा ढवळताना सुचते आणि लिहून होईपर्यंत न्सीमा करपते, एवढीच अडचण. माझ्या गोष्टी लहान असतात, कारण ड्यूटी लांब असते. मग बाजाराजवळच्या छोट्या रेडिओ केंद्रातले बाम्बो सुंगेनी (त्यांचे जुळे आमच्या वॉर्डात झाले) म्हणाले, सिस्टर, एक द्या, मी वाचतो. हेच सुंगेनी संध्याकाळी मृत्यूच्या बातम्या वाचतात, हे तुम्हाला आठवत असेल. त्यांचा आवाज लागला की सारा जिल्हा चुलीवरचे भांडे सोडून आपले कोण गेले ते ऐकतो.

मामा, मला पहिले वाक्य काही केल्या सुचेना. शिकलेली असले तरी मी काही लेखिका नव्हे. ज्याच्या सुरुवातीला सगळे कान देतात असे लिखाण मला एकच माहीत होते, तेच मी उचलले: "कळवण्यास अत्यंत दुःख होते की." पुढे माणसाचे नाव हवे. खोटे नाव लिहायला हात धजेना. वॉर्डात चुकीचे नाव पडले की इंजेक्शन भलत्याला जाते, त्यामुळे मला ती सवयच नाही. ज्याची सगळी माहिती बिनचूक पाठ आहे असा माणूस म्हणजे तुम्ही. तेव्हा वायसन कांडोजे, मुक्काम जोनी, मूळ गाव आपले, मागे पत्नी आणि भाच्या. गोष्ट चांगली होती. त्यातला मामा स्वर्गाच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहतो, ती रांग थेट आमच्या औषधांच्या खिडकीसारखी असते, त्याचा नंबर येतो आणि खिडकी जेवणासाठी बंद होते, म्हणून तो कंटाळून घरी परततो आणि भाचीचे सगळे अपराध पोटात घालतो. पण सुंगेनींनी मृत्यूच्या बातम्या संपवल्या, त्याच आवाजात लगेच माझा पहिला परिच्छेद वाचला, आणि केंद्रातली वीज गेली.

वीज आली तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे दुसऱ्या परिच्छेदापासून पुढे वाचले. पण तोवर बायका कमरेला कापड बांधून, डोक्यावर पिठाच्या टोपल्या घेऊन वाटेला लागल्या होत्या.

मी ड्यूटीवर होते. सकाळी घरी निघाले तर डांबरी रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकलेल्या, म्हणजे जवळच कुणाकडे तरी प्रसंग घडलेला. मी डोक्याला फडके बांधले, चेहरा प्रसंगाला शोभेसा केला आणि माणसांच्या मागोमाग चालू लागले. ती माझ्याच दारात शिरली. (घर रस्त्याला लागून, शिवाय मी थोरली भाची, तेव्हा जोनीहून येणारे प्रेत इथेच उतरवायचे असे गावप्रमुखांनी ठरवले होते.) टेबल, खुर्च्या, पलंग अंगणात काढलेले होते. कपाटाला मात्र मेट्रनमुळे कुणी हात लावला नव्हता. चटयांवर बायका एका भिंतीला चिकटून दाटीने बसल्या होत्या आणि पडद्याकडची बाजू पूर्ण मोकळी होती. मध्ये मामी. तिने डोके भादरून घेतले होते. (तिला शोभते. हे तुम्हाला आधी सांगून ठेवलेले बरे.)

मी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि कानाशी म्हणाले, "मामी, मामा गेलेले नाहीत. ती गोष्ट आहे."

"होय ग बाई," मामी म्हणाली, "मलासुद्धा सगळं गोष्टीसारखंच वाटतंय."

"तसं नव्हे. मी लिहिलेली गोष्ट."

"हिला धक्का बसलाय," गावप्रमुखांची बहीण ओरडली. "साखरेचं पाणी आणा कुणीतरी!" (हा उपाय मीच तिला शिकवला आहे.) ते पाणी मला पाजण्यात आले.

तरीही दुपारपर्यंत मी चार जणांना पटवत आणले असते. पण तेवढ्यात चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी गाणे धरले, आणि ते नेमके फॉस्टनच्या अंत्यविधीतले निघाले. फॉस्टनच्या वेळी माझ्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. लोकांनी तेव्हा पुष्कळ बोलून घेतले आणि मी ऐकून घेतले. ड्यूटीवर रडायचे नसते, आणि मला वाटते, तेव्हापासून माझी ड्यूटी सुटलीच नव्हती. आता तुम्ही तिकडे मालकांच्या झाडांना पाणी घालत आहात हे मला पक्के ठाऊक होते, आणि तरी मी जी रडू लागले ती थांबेना. मामीच मला थोपटत होती. तामांदानी धावत आली आणि तिने अँब्युलन्सला माझ्या मांडीवर आणून ठेवले. पण त्या रडण्याने माझी बाजू साफ बुडाली. जी पोर नवऱ्यासाठी रडली नाही ती मामासाठी एवढी रडते, म्हणजे मामा गेलेलेच, असा निकाल अंगणात बसलेल्या पुरुषांनी दिला. त्यानंतर मी काहीही सांगितले तरी उत्तर म्हणून साखरेचे पाणीच येई.

पुढे जोनीच्या बसची वाट पाहणे सुरू झाले. चिपेरोनी वाऱ्याबरोबर येणारी पावसाची थंड भुरभुर लागली होती, तरी कुणी हलेना. तुरीचे दाणे आणि सुकी मासळी शिजत होती. तुमचा काळा बोकडही शिजला. त्याविषयी मी अधिक लिहीत नाही, चव चांगली होती. बस आली तेव्हा सगळे रस्त्यावर धावले. टपावर तुमच्या नावाची लांबलचक गुंडाळी बांधलेली दिसली आणि एकच हंबरडा उठला. धट्टेकट्टे पुरुष वर चढले, त्यांनी ती हळुवार खांद्यावर घेतली. ड्रायव्हर बिचारा खाली उभा राहून ओरडत होता, "अहो, गादी आहे ती! गादी! कांडोजेंनी बायकोला पाठवलीय!"

"आणि कांडोजे?" गावप्रमुखांनी विचारले.

"मला भेटले तेव्हा ठणठणीत होते की."

"कधी भेटले?"

"निघताना. मग बस देशाच्या हद्दीवर बंद पडली, आठवडाभर तिथंच होतो."

गावप्रमुखांनी मान हलवली. आठवडा म्हणजे मरायला भरपूर झाला. "काही बोलले होते?"

ड्रायव्हरने टोपी काढली आणि तुमचा निरोप पाठ म्हणून दाखवला. "एनेलेसला म्हणावं, ते घुबड अन् तो सरडा डोंगरावर सोडून दे, गोष्टी लिहिणं बंद कर, आणि न्गालांदेला हो म्हण. विधवेनं फार दिवस एकटं राहू नये."

मामा, तुम्ही असले निरोप वर्षातून दोनदा पाठवता आणि मी ते आदराने ऐकून सोडून देते, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. पण आता ती मरणाऱ्याची शेवटची इच्छा झाली.

"शेवटचे शब्दसुद्धा भाचीसाठीच," मामी म्हणाली. "माझ्यासाठी काहीच नाही?"

"गादी," ड्रायव्हर म्हणाला.

तिथल्या तिथे ठरले. पावसाळ्याआधी फॉस्टनच्या थडग्यावरच्या दगडाचे अनावरण आहे, त्या दिवशी माझा शोक संपेल आणि त्याच दिवशी लग्न पक्के झाल्याची खूण म्हणून न्गालांदेंच्या घराकडून कोंबडा स्वीकारायचा. शेवटची इच्छा मोडली तर तुमचा आत्मा आमच्या छपरावर येऊन बसेल, असे गावप्रमुख म्हणाले. (छपरावर माकडे येतात. त्यांतले तुम्ही कोणते हे ओळखता येणार नाही, अशी तामांदानीला काळजी आहे.)

न्गालांदेंनी तुमच्याविषयी भाषण केले. तुम्ही ते ऐकायला हवे होते. तुमच्या उदारपणाबद्दल मला बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या. मग ते हात धुवायच्या निमित्ताने माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, शेवट झकास जमलाय. ती औषधाची खिडकी! हसताना माझ्या हातून गिरणीचा पट्टा निसटला."

मी तांब्या खाली ठेवला. "तुम्ही पूर्ण ऐकलीत?"

"गिरणीत रेडिओ चालूच असतो. वीज आल्यावर सगळी ऐकली."

"मग सांगा ना सगळ्यांना!"

"सांगितलं असतं," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "पण सिस्टर, जिवंत मामांचं तुम्ही कधी ऐकलंत का?"

माणूस वाईट नाही, मामा. मेट्रनकडे बघून घाबरलाही नाही. गिरणीत उंदीर फार आहेत, हिची सोय होईल, एवढेच म्हणाला. पण मला कुणीच नको आहे. मी आत्ता कुठे रडले आहे. फॉस्टनना मी आत्ता कुठे पोचवले, आणि मला काही वर्षे नुसते त्यांचे असून राहायचे आहे, त्यांच्या वाकड्या पंखाच्या घुबडासकट. संध्याकाळी तामांदानीला काहीतरी वाचून दाखवायचे आहे. एवढेच मागणे आहे. ते मी तोंडाने कुणाला सांगू शकले नसते.

तेव्हा दगडाच्या अनावरणाआधी तुम्ही स्वतः यावे, सगळ्यांसमोर उभे राहावे, आणि ती इच्छा शेवटची नव्हती असे सांगावे. तुमच्याशिवाय हे कुणाच्या तोंडून चालणार नाही. प्रेत न आल्यामुळे पुढचे विधी थांबवले आहेत, म्हणजे तुमची कुठलीही गैरसोय होणार नाही.

तुमची (ही एक बाब सोडून) सदैव आज्ञाधारक भाची,
एनेलेस

ता. क. येताना दिवसाउजेडी यावे, रंगीत शर्ट घालावा आणि दुरूनच मोठ्याने खोकत यावे. वाटेत न्गालांदेंची गिरणी लागते, तिथे थांबू नये. ते चहा पाजतील आणि बोलून बोलून तुम्हाला परत पाठवतील.

आणखी ता. क. कामावरून सुटी मिळत नसल्यास घाई नाही, असे मी वर लिहिणार होते, पण एक कळवायचे राहिले. न्गालांदेंचे थोरले भाऊही विधुर आहेत, त्यांच्या दोन गिरण्या आहेत. तेही तुमच्या अंत्यविधीला आले होते, आणि अजून येतच आहेत. प्रेत पोचलेले नाही म्हणून उघड काही बोलत नाहीत, पण मामीला रोज पीठ आणून देतात, चाळून. काल गावप्रमुख मामीला म्हणाले की विधवेने फार दिवस एकटे राहू नये असे खुद्द कांडोजेंचेच मत होते, साऱ्या गावाने ते ऐकले आहे. मामीने अजून हो म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही. तुम्ही जिवंत आहात हे मी तिला पुन्हा एकदा नीट समजावून सांगितले, या वेळी तिने ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतले, आणि पीठ डब्यात भरता भरता म्हणाली, "असतील तर येतील."