अळ्या थांबतात तिथं

४ मार्च
पोचलो एकदाचा. दोन दिवस गाडीत बसून पाठीचं लाकूड झालं होतं, पण खोली बघितली आणि शीण उतरला. स्वतःची खोली! आजवर पाच कामं केली आणि पाचही ठिकाणी कुणाच्या तरी पायाशी झोपलो. इथं खाट आहे, खिडकी आहे, चहापुरती शेगडी आहे. घर बैठं, शहराबाहेर, सडक संपते तिथं. पुढं माझी खोली, मागं कामाच्या दोन खोल्या. शेजार नाही.

ही वही ताईनं दिली. म्हणाली, फोनवर तू नुसतं हं-हं करतोस, रोजचं लिहून ठेव, आलास की मी वाचेन. मी म्हटलं, सातवीत शाळा सुटली, माझं अक्षर तुला लागायचं नाही. तर म्हणाली, तुझा अभ्यास मीच करायचे, तेव्हा ते अक्षर माझंच आहे.

तिला मे महिन्यात बाळ होईल. मी कुठंच चार महिने टिकत नाही हे तिला पाठ आहे, म्हणून तिनं अट घातली. हे काम टिकवायचं आणि सुट्टी मिळाली की यायचं. मामाच्या हातात दिल्याशिवाय बाळाचं नाव ठेवणार नाही. दाजी म्हणाले, मग पोर बिननावाचंच म्हातारं होणार.

कामाचं उद्या लिहितो. ते ताईनं जेवताना वाचू नये.

५ मार्च
काम असं. मागच्या खोलीत जाळीचे सहा पिंजरे आहेत, त्यांत हिरव्या चमकत्या माश्या. त्यांना साखरेचं पाणी द्यायचं. दुपारी कलेजीचा तुकडा ठेवायचा, त्यावर त्या अंडी घालतात. अंडी ब्रशनं उचलून औषधाच्या पाण्यात धुवायची म्हणजे जंतू मरतात, आणि उबेच्या पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी अळ्या. तिळाएवढ्या, पांढऱ्या, स्वच्छ. त्या जाळीच्या कापडाच्या छोट्या पिशव्यांत भरायच्या आणि पिशव्या गार डब्यात. गाडीवाला आठवड्यातून दोनदा येऊन डबे इस्पितळात नेतो. ज्यांच्या जखमा सडतात, औषध लागू पडत नाही, पाय कापायची वेळ येते, त्यांच्या जखमेवर ती पिशवी बांधतात. अळ्या सडकं मांस विरघळवून पितात. दोन-तीन दिवसांत खाली लालभडक ताजं मांस.

मी आधी नाक दाबलं, मग ऐकत बसलो. मॅडम (म्हातारी डॉक्टर, हे सगळं त्यांचं) फार छान सांगतात. पूर्वी टाक्याला दोरा नसायचा तेव्हा मोठे मुंगळे जखमेच्या दोन्ही काठांना चावायला लावून त्यांचं धड तोडायचे, डोकं टाक्यासारखं रुतून बसायचं. गुडघे धरले की मधमाश्यांचे डंख घ्यायचे. म्हणाल्या, किड्यांना आपण उगाच नावं ठेवतो. मग अळ्यांच्या ताटलीकडे बोट करून म्हणाल्या, "यांच्यासारखं चोख काम कुणी करत नाही. मेलेलं तेवढंच खातात, जिवंताला शिवत नाहीत. या थांबतात तिथून माणूस सुरू होतो."

६ मार्च
इथली एक रीत आहे. डबा पाठवण्याआधी त्या दिवशीच्या ताटलीत आपलं बोट घालायचं आणि शंभर मोजायचे. अळ्या बोटापासून लांब सरकल्या की माल चांगला. अंगावर चढल्या तर अख्खा घाणा जाळून टाकायचा, कारण मग त्या जिवंतालाही खाणार. रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करायची आणि शेजारच्या रकान्यात बोट कुणाचं ते लिहायचं.

आज पहिल्यांदा घातलं. अंगावर काटा आला, पण अळ्या बोटाभोवती गोल रिंगण सोडून मागं सरल्या. मला एकदम भाव चढला. एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

२१ मार्च
जम बसला. गाडीवाला गमत्या आहे. उतरत नाही, खिडकीतूनच विचारतो, "काय मालक, पोरं जेवली का?" मी म्हणतो जेवली. तो म्हणतो, आणि त्यांचा बाप? हसतो, डबे घेतो, जातो. पाच मिनिटं. मग तीन-चार दिवस माणसाचा आवाज नाही.

एका मोच्याचा पाय वाचला म्हणून इस्पितळातून निरोप आला. त्याच्या पायावर माझ्या अळ्या होत्या. ताईला लगेच फोन केला. ती म्हणाली, बाळ लाथा मारतंय, त्याला मामाचा आवाज कळतो.

१८ एप्रिल
फार शांत आहे इथं. पंखा बंद केला की पिंजऱ्यातल्या माश्यांचा आवाज येतो. मी त्यांच्याशी बोलतो. काल हिशेब केला, मार्चपासून मला कुणी हात लावलेला नाही. म्हणजे धक्कासुद्धा नाही. घरी असताना ताई येता-जाता टपली मारायची तर मी चिडायचो.

एक कबूल करतो, ताई रागावेल. बोट घालायचं मी सोडलंय. अळ्या रोजच लांब सरतात, शंभर मोजायचा कंटाळा येतो. खूण करतो आणि रकान्यात ‘माझं’ लिहितो. कोण बघायला येतंय.

१६ मे
मुलगा झाला! दोघं सुखरूप. फोनवर त्याचं रडणं ऐकवलं, मांजर कुठंतरी अडकल्यासारखं. दाजी म्हणाले, सध्या त्याला ‘ए’ म्हणतोय, लवकर ये नाहीतर तेच नाव पडेल. मॅडमनी पुढच्या महिन्यात सुट्टी कबूल केलीय. मी हात साबणानं तीनदा धुतले. कशाला ते माहीत नाही. उगाच.

२९ मे
फोनच्या काचेवर माझं उजवं बोट लागत नाही. दाबलं, घासलं, कोरडं केलं, काही नाही. डाव्या हाताचं लागतं. औषधाच्या पाण्यानं कातडी मेली असणार.

चहाचा कप पण गरम लागला नाही आज. वाफ येत होती.

२ जून
इस्पितळानं पत्र पाठवलंय की तपासणीवाले येतील, रजिस्टर बघतील. म्हणून आज दीड-दोन महिन्यांनी बोट घातलं.

अळ्या सरल्या नाहीत. आल्या. एक, मग पाच, मग बोट दिसेना. मी पंधरापर्यंत मोजलं आणि हात झटकला. दुखलं काहीच नाही. गुदगुल्यासुद्धा नाहीत.

अख्खा घाणा जाळला.

३ जून
नवा घाणा. पुन्हा तेच. जाळला. मग आधी गेलेल्या डब्यांचं काय? इस्पितळात फोन केला. नर्सबाई म्हणाल्या, सगळे रोगी छान आहेत, का हो?

५ जून
गाडीवाल्याला आत बोलावलं. कुरकुरला, मग चहाच्या बोलीवर आला. त्याचं बोट त्याच ताटलीत घातलं. अळ्या झरझर मागं. रिंगण. तो म्हणाला, घाबरली पोरं मला. मी लगेच माझं घातलं.

तो हसायचा थांबला. चहा न घेता गेला.

माल चांगला आहे, ताई. मालात काही खोट नाही.

६ जून
मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, खोट्या खुणाही सांगितल्या.  त्यांनी कुठलं बोट ते विचारलं. मग म्हणाल्या, रोगी वाट बघतात, काम थांबवू नकोस, गाडीवाल्याचं बोट घे आणि रकान्यात तसं लिही.

मी मागचं रजिस्टर काढलं. माझ्याआधीच्या माणसाचं. पान भरून ‘माझं, माझं, माझं’. मग एका तारखेपासून ‘गाडीवाल्याचं’. सव्वीस दिवस. पुढं पानं कोरी.

तो न सांगता गेला असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्याचे बूट मांडणीखाली आहेत. इथून सडकेपर्यंत नुसती खडी. बुटांशिवाय कोण जातं.

९ जून
हात दिसायला ठीक आहे. वास नाही, काळा नाही. अंगणातला मोठा मुंगळा पकडून तळव्यावर ठेवला. चावला. जबडे रुतलेले दिसले. मी वाट बघत बसलो. डाव्या हातावर ठेवला तेव्हा ओरडलो. ओरडलो म्हणून बरं वाटलं.

कधीपासून असेल हे? रोज बोट घातलं असतं तर तारीख कळली असती. सगळीकडे माझ्या अक्षरात बरोबर, बरोबर, बरोबर.

१४ जून
मनगटापर्यंत.

शहरातल्या एका डॉक्टरला दाखवलं, पायी जाऊन. त्यानं हात न धरताच बघितलं. म्हणाला, दिसत तर काही नाही, झोपत जा.

पुढच्या आठवड्यात सुट्टी होती. ताईला सांगितलं की जमणार नाही. ती म्हणाली, पुन्हा काम सोडलंस ना, खरं सांग. नाही म्हटलं.  मागं बाळ रडत होतं.

असल्या हातात मी त्याला कसा घेऊ. पोर घाबरेल. किंवा घाबरणार नाही, आणि माझ्याकडून त्याला —

२० जून
गाडीवाला डबे दाराबाहेरून नेतो. गाडीच्या खिडकीची काच वर असते. ताटलीत बोट घाल म्हटलं तर नको म्हणून मान हलवतो. रकान्यात मी त्याचंच लिहितो.

डाव्या हाताचं बोट पण फोनला लागेनासं झालं. ताईचे फोन वाजतात. मी बघत बसतो. वाजतात, थांबतात.

२२ जून
सुचलं! इतके दिवस कसं सुचलं नाही. मोच्याचा पाय सडला होता, त्याचं काय केलं? तेच माझं करायचं. मेलेलं जाईल, खालून लाल, ताजं निघेल. मॅडमच म्हणाल्या होत्या, त्या थांबतात तिथून माणूस सुरू होतो. मग थांबू दे त्यांना. कळेल तरी मी कुठून सुरू होतो.

मोठी पिशवी शिवली, कोपरापर्यंतची. आज दुपारी उजवा हात घातला. डाव्या हातानं लिहितोय, अक्षर लागलं नाही तर माफ कर.

२४ जून
दुखत नाही. सगळ्या हातावर हालचाल बघतो. लागत काही नाही, पण बघूनच बरं वाटतं. मार्चनंतर पहिल्यांदा कुणीतरी —

उद्या पिशवी सोडीन.

२५ जून
सोडली. लाल नाही. पांढरं. खाली अजून पांढरं.

पुन्हा बांधली. ताज्या अळ्या घातल्या. भुकेल्या.

२७ जून
फोनच्या पडद्यावर ताईचा मेसेज आला. हात न लावता वाचता आला. ‘तू उचलत नाहीस. आम्ही निघतोय. मी, हे आणि ए. परवा सकाळी पोचू. ओरडणार नाही. फक्त घे त्याला.’

नको म्हणून कळवायचं आहे. काच माझं ऐकत नाही. नाकानं केलं. जिभेनं केलं.

२८ जून
कोपराच्या वर. थांबत नाहीत. खांदा तरी — खांद्यावर बाळ झोपतं, ताईच्या झोपायचो मी. खांदा राहिला तरी पुरे.

पिंजरे उघडले. सगळ्याच कामाला लागू देत. एक दिवस आहे.

२९ जून
उजेड झाला. गाडीचा आवाज. दाजींचा खोकला.

ताई दारात आहे. हाक मारतेय. बाळ पण काहीतरी बोलतंय. कडी आतून आहे. दम धर ताई, आत्ताच येऊ नकोस. गळ्यापर्यंत आल्यात, पण हळू झाल्यात, खरंच हळू झाल्यात. म्हणजे जवळ आलं असणार. त्या थांबल्या की तिथून मी