पंचवीसातून वीस गेले

बाग सेवनिया, भोपाळ
फाल्गुन, दुपारचे अडीच

तीर्थस्वरूप नलूताईस,

सुभाषचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, म्हणून गादीवर बसूनच घातला आहे, गोड मानून घे). दाजींचा खोकला कसा आहे? मंजूषाची तब्येत उत्तम, आवाजही खणखणीत. सावरीच्या कापसाच्या दोन उशा हव्यात, घरच्या माणसाला किती कमी करशील, हे तुझं पत्र पोचलं. त्याचं उत्तर शेवटी देतो, आधी आमचं रामायण ऐक.

निवृत्तीनंतर घराखालच्या गाळ्यात मी रजया-उशांचं दुकान काढलं, हे तुला ठाऊकच आहे. दुपारचं ऊन तिरपं आत येतं, त्यात कापसाचे तंतू सावकाश तरंगत राहतात, आणि ते बघता बघता मीही थोडा तरंगतो (मंजूषा याला घोरणं म्हणते). चौतीस वर्षं बरखेड्याच्या कारखान्यात भोंग्यावर कामाला लागलो, भोंग्यावर जेवलो. भोंगा नसलेली ही पहिलीच जागा, ताई. फार जीव आहे माझा तिच्यावर.

तर डिसेंबरात थंडी पडली आणि माझ्या डोक्यात सेल शिरला. आठशेला घेतलेली रजई आम्ही हजाराला विकतो, म्हणजे पंचवीस टक्के नफा. वीस टक्के सूट दिली तरी पंचवीसातून वीस गेले, पाच उरले! लावली पाटी. अगं, काय ती झुंबड! मंडीदीपच्या कामगारांपासून कॉलनीतल्या सासवा-सुनांपर्यंत सगळे लोटले. चार दिवसांत चौसष्ट रजया गेल्या. कंबर मोडली, पण मी हवेत होतो.

पाचव्या दिवशी मंजूषानं त्याच पाटीच्या पाठीवर खडूनं हिशेब मांडला. नफा धरला आठशेवर, सूट कापली हजारावर. हजाराचे वीस टक्के म्हणजे दोनशे, म्हणजे रजई गेली आठशेलाच, आणि वर पिशवी फुकट दिली ती बारा रुपयांची. कप्पाळ माझं! टर्बाइनच्या पात्यातली केसाएवढी चूक पकडणारा मी, आणि इथं अख्खा नफा निसटला. चार दिवस शटर ओढून झोपला असतात तर सातशे अडुसष्ट रुपये वाचले असते, असं ती म्हणाली. (झोपेचा इतका चोख भाव आजवर कुणी काढला नव्हता. तेव्हापासून मी अधिक निष्ठेनं झोपतो.)

खरं दुखणं पुढंच आहे. पाटी काढली, तर गिऱ्हाईक पायरीवरूनच "सेल कब लगेगी, अंकल?" विचारून परत जातं. परवा स्वप्न पडलं. मोठ्या तलावावर या काठापासून त्या काठापर्यंत रजया अंथरल्यात, पाणी खाली हळूच डुलतंय, आणि सगळं भोपाळ अनवाणी चालत माझ्याकडे येतंय, प्रत्येकाच्या हातात पूर्ण हजार. अगदी जवळ आल्यावर पहिला माणूस म्हणाला, "कुछ कम होगा?" दचकून उठलो. दुकानात कुणीच नव्हतं.

आता मंजूषाची अट आहे: पाडव्यापर्यंत एक तरी वस्तू पूर्ण किमतीला विकून दाखवा, नाहीतर गाळा झेरॉक्सवाल्या आशिषला भाड्यानं. त्याचं यंत्र दिवसभर खडखडणार. मग दुपारी मी जायचं कुठं गं? पाडव्याला नऊच दिवस उरलेत.

तुझा,
सुभाष

ता. क. उशांचे बाराशे. एक पैसाही कमी होणार नाही. सख्ख्या बहिणीला हे लिहिताना आकडा दोनदा खोडला, पण तूच माझं शेवटचं गिऱ्हाईक आहेस.

ता. क. २. फारच जिवावर येत असेल, तर तू बाराशे पाठव, तीनशे मी पेन्शनमधून गुपचूप परत करतो. मंजूषाला पावती दिसली की झालं.

ता. क. ३. वन्सं, हे मी मंजूषा लिहितेय. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, तेही न चिकटवता! आशिषला मी मागच्याच आठवड्यात नाही म्हणून सांगितलंय. दिवाळीत दुकान आठ दिवस बंद होतं, तर हे घरात बसून माझे डाळींचे डबे फूटपट्टीनं मोजून लावत होते. आणि खरं सांगू? दुपारी खाली डोकावलं की उशीवर इतके निवांत झोपलेले दिसतात! लग्नाला एकतीस वर्षं झाली, यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही बाराशे पाठवाच, यांना पावती फाडू दे. यांचे तीनशे येतील ते ठेवून घ्या, माझेही तीनशे पाठवते. उशा तुम्हाला निम्म्यात पडल्या हे मात्र यांना कळू देऊ नका, झोप उडेल.