एका कॅमेऱ्यातले सूर्यास्त

ता. १४, शनिवार

प्रिय आई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मालीश रोज करून घेता ना, की मी नाही म्हणून दांडी? माझी काळजी नको. खाते, झोपते, आणि उन्हानं अशी रापलेय की दारात ओळखणार नाही तुम्ही.

आई, काय सांगू, काय हा किनारा! वाळू औषधालाही नाही. नुसते काळे, धारदार खडक, आणि फटीफटींतून पाणी तोफेसारखं उसळतंय. सूर्य टेकला की ओल्या दगडांना तांबडी कड येते. जेमतेम मिनिटभर! तेवढ्यात फोटो साधायचा. सुरुवातीला सगळे वाकडे आले. परवाचा बघा, म्हणाल, "हा विकत आणलास!"

आल्या आल्याच एक गंमत झाली होती. फोनवर सांगितली नाही, तुम्ही घाबरला असतात. मी खडकाच्या टोकाशी कॅमेरा लावून बसले होते, आणि एक गृहस्थ बरोबर माझ्या सूर्यासमोर येऊन उभे. मी ओरडले, "अहो, बाजूला व्हा! सूर्य काय तुमच्या एकट्याचा आहे?" ते वळले, तेवढ्यात लाट आली आणि माझा पाय शेवाळावरून सटकला. त्यांनी दोन्ही हातांनी मला धरलं. त्यांच्या हातातला कॅमेरा गेला समुद्रात.

मी म्हटलं, "तुमचा कॅमेरा!"

तर म्हणतात, "आता तरी झालो ना बाजूला?"

इथल्या शाळेत भूगोल शिकवतात. मग माझ्याच कॅमेऱ्यावर पाळ्या लावल्या, एक सूर्यास्त त्यांचा, एक माझा. भांडतोही. त्यांना आभाळ जास्त हवं, मला खडक.

रजा दोनदा वाढवली, तरी तुम्ही कारण विचारलं नाहीत. पाकिटातल्या तिसऱ्या फोटोत मी आहे. केस तोंडावर, खो खो हसतेय. तो कोणी काढला, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचा मुलगा गेल्यापासून मी अशी हसले नव्हते.

आई, त्यांनी लग्नाचं विचारलंय. मी म्हटलं, "घरी विचारावं लागेल."

"घरी कोण?"

"सासूबाई."

वाटलं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "मग मीच येतो विचारायला. नाही म्हणाल्या तर?"

"तर भांडेन त्यांच्याशी. पण त्यांना सोडून येणार नाही."

मन कधीच हो म्हणून बसलंय, खोटं कशाला बोलू? पण तुमच्या मुलाच्या फोटोखाली आपण दोघी रोज जेवतो. त्या टेबलाशी तिसरी खुर्ची कशी ओढायची, ते मला कळत नाही. तुम्हीच सांगा.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही येतोय. दार उघडलंत की आधी मला जवळ घ्या. मग काय रागवायचं ते रागवा.

तुमचीच
(पुढे सून लिहायचं की लेक, ती जागा तुमच्यासाठी कोरी सोडलीय.)