सावलीवर चालणारा चार्जर

४ एप्रिल
पोचलो एकदाचा. नोकरी झकास! पत्र्याची शेड, शेजारच्या इमारतीवर भलीमोठी गच्ची. खाली बायका सोलर चार्जर जोडतात, घडी घातली की खिशात मावणारे. आम्ही ते गच्चीवर उन्हात उघडायचे, मोबाइल लावायचा, हिरवा दिवा लागला की माल पास. यासाठी माणसं ठेवलीत! आमची म्हैससुद्धा हे करेल, वर दूधही देईल.

आईचा फोन आला. पोचलास का, जेवलास का, अंथरूण आहे का. म्हटलं, राजवाडा दिलाय, ठेव आता.

वही घेतली, कारण इथे बोलण्यालायक कोणी नाही.

६ एप्रिल
मुकादम म्हणजे नमुना. उन्हात भाजून वांगं झालाय. सगळे त्याला बुवा म्हणतात. त्याचा एकच नियम: पॅनलवर आपली सावली पडू द्यायची नाही. म्हणून सगळे सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभे, जसं काही वर कोणी फुकट लाडू वाटतंय. मी विचारलं, सावली पडली तर पॅनल काय बाटतं का? बुवा म्हणाला, बाटत नाही, पितं.

मी एकटाच हसलो. आठवी नापास मी, पण अडाणी हे.

९ एप्रिल
आज मुद्दाम सूर्याकडे पाठ करून बसलो. सावली दुपारपर्यंत एकाच पॅनलवर. आणि गंमत म्हणजे त्याचाच हिरवा दिवा सगळ्यांच्या आधी लागला! बुवाला नेऊन दाखवला. त्याचं तोंड पार उतरलं. म्हणाला, फोडून टाक हा.

फोडतोय कसला! साहेबाकडून मागून घेतला आणि आमच्याकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर धाकट्या बहिणीला धाडून दिला. तिकडे लाईट सारखी जाते, आणि दादा काहीतरी पाठव म्हणून ती माझं डोकं खाते.

१५ एप्रिल
धाकटीचा फोन. चार्जर भारी चालतो म्हणे. आणि दादा, हल्ली तू रोज किती छान बोलतोस!

मी? पोचलो त्या दिवसानंतर मी घरी बोललोच नाही. काल आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीस, म्हणाली. मी आणि गुडघे! उन्हाने पोरीचं डोकं फिरलंय.

१८ एप्रिल
गच्चीवर माझी सावली फिकी पडते, पाण्यात भिजलेल्या शाईसारखी. ढग असेल.

ढग नव्हता.

बाकीचे आता माझ्या तोंडाकडे बघतच नाहीत, पायांशी बघतात. एक गाढव तर डबा उचलून लांब जाऊन बसला. बुवा म्हणाला, तो चार्जर परत मागव. तिकडे तो उन्हात उघडला की तुझ्यातलं थोडं थोडं तिकडे उतरतंय.

बुवाचं ऐकण्याएवढी वाईट वेळ आलेली नाही माझ्यावर.

२० एप्रिल
फोन केला. म्हटलं, चार्जर मिटून ठेव, ट्रकवाल्याकडे परत दे. धाकटी गोंधळली. तूच तर काल बजावलंस ना दादा, रोज सकाळी अंगणात उघडून ठेव, विसरू नकोस म्हणून.

मी नाही— माझ्या फोनवरून कोण—

२१ एप्रिल
सावली नाहीच. भर उन्हात नाही.
आरशासमोर उभा राहिलो. मागची भिंत दिसते. माझ्यातून.

२२ एप्रिल
पुन्हा फोन केला. धाकटी म्हणाली, कोण बोलतंय? म्हटलं, दादा. ती हसली. दादा सकाळीच घरी आला, आईच्या गुडघ्यांना तेल चोळतोय. मागून आईने विचारलं, कोण गं? मग माझाच आवाज आला. माझा! असेल कोणी अडाणी, म्हणाला. ठेव.

आई ओळखेल. मी असा गोड वागत नाही, हे तिला तरी—

२३ एप्रिल, सकाळ
बुवाच्या पाया पडलो. तो माझ्यातून आरपार सूर्याकडे बघत राहिला.
वहीवर हाताची सावली नाही. हाताखालची ओळ वाचता येते.
धाकटी आता अंगणात जाईल. चार्जर उघडेल. तिकडे हिरवा दिवा लागला की मी—