बंद करू नका

५ सप्टेंबर २०२५
पुन्हा अपडेट! कोणी मागितलं होतं? बचत गटाची यादी टाईप करून राहिली होती, मध्येच स्क्रीन निळी. पाऊण तास! उघडल्यावर सगळं इकडचं तिकडे. बाबांचं फोल्डर दिसेना, म्हणून एकेक उघडून पाहिलं. शेवटी सापडलं. बावीसच्या बावीस रेकॉर्डिंग आहेत.
आई दारात उभीच. "आज लावत नाहीस का तुझ्या बापाले?" लावलं.

८ सप्टेंबर
बाबांना जाऊन आज पाच महिने. जन्मभर गावच्या तलावाचं पाणी त्यांनीच वाटलं. कोणाच्या धानाच्या बांधीत आधी सोडायचं, कोणाच्या मागून, सगळं तोंडी. कागदावर एक ओळ नाही. म्हणून हिवाळ्यात रोज दुपारी त्यांना माईकसमोर बसवलं. बोलता बोलता खोकला, आणि मध्येच हाक — "अवं मंजूची माय, चहा मांड!" आई तेवढ्यासाठीच ऐकते. खरं सांगायचं तर मीही.
पेनड्राईव्हवर उतरवून ठेवायला पाहिजे. रविवारी नक्की.

१० सप्टेंबर
अपडेट तयार आहे म्हणे. "नंतर" दाबलं. चौथ्यांदा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
गेलं. सगळं गेलं.
दुपारी आभाळ भरून आलं म्हणून कॉम्प्युटर बंद करायला गेली, तर — "अपडेट सुरू आहे. बंद करू नका." बंदच होईना! गडगडलं की मेनचा खटका पाडायचा, हा आमच्या घरचा कायदा. बाबांनीच केलेला, शेजारच्या टिकारामकाकांचा बैल विजेनं गेला तेव्हापासून. आई पडवीतून ओरडली, "मंजू, मेन पाडू का वं?"
"हात लावून तर पाहा! बहात्तर टक्के झालं!"
आणि कडाड्! स्क्रीन काळी. पळत गेली तर आई मेनखाली उभी, खटका खाली.
नाही नाही ते बोलली मी. "पाडलाच ना शेवटी! बाबाले दुसऱ्यांदा मारलं तू!"
गावातही लाईट नाही. डीपीचा ट्रान्सफॉर्मर जळला म्हणतात. जळू दे.

१५ सप्टेंबर
कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ऑटोनं गोंदिया. मेकॅनिकनं उघडून पाहिलं. "दीदी, हार्ड डिस्क जल गई. कुछ नहीं निकलेगा."
"एकतरी? एकच काढून द्या ना भाऊ." त्यानं दुसऱ्याचा लॅपटॉप पुढे ओढला.
अपडेट अर्ध्यात असताना लाईट तोडली तर दुसरं काय होणार! आग लागो त्या अपडेटला. मी बोलावलं नव्हतं, मला विचारलं नव्हतं, माझ्याच घरात घुसून मलाच सांगते बंद करू नका! आणि आई —
नाही लिहीत.

१६ सप्टेंबर
आई दोन दिवस जेवली नाही. म्हटलं, उपाशी राहून बाबा परत येतील का? "माझीच चूक झाली बाई," म्हणाली.
"हो, तुझीच," म्हटलं मी.

१७ सप्टेंबर
दुपारी आई रिकाम्या टेबलासमोर स्टूल ओढून बसली होती. मांडीवर सुपात तांदूळ, पण निवडत नव्हती. मी पाहून परत फिरली. बाबांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. शब्द आठवतात, आवाज येत नाही.

१८ सप्टेंबर
लाईट आली. लाईनमन केवलराम चहाला थांबला. नवा डीपी बसवला म्हणे, शुक्रवारी जुन्यावर वीजच पडली होती. "ज्यायनं आधी मेन पाडला त्यायचं सगळं वाचलं. चालू होतं त्यायचे टीव्ही, फ्रिज, सगळे जळले. तुमचं काय गेलं?"
तो गेल्यावर आईला विचारलं, मेन कधी पाडला तू?
"कडाडल्यावर. आधी तू नको म्हटलं ना."