निघालास कुठे, थांब

२ जून, सकाळ.
आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही, त्यामुळे गुपित फुटायची भीती नाही.
नातीने नोकरी सोडून ॲप काढलंय, सकाळी उठवणारं. गजराऐवजी माझा आवाज खरडपट्टी काढतो, की ऊठ, लोकांची धुणी वाळून घड्या झाल्या. मुलाने तिला बजावलंय, महिनाअखेर कमाई दिसली नाही तर परगावची नोकरी घ्यायची. गेली तर गेली, मला काय. किंमत मात्र मीच ठरवणार. जन्मभर कापडाचं दुकान चालवलंय.

३ जून.
नात म्हणते शंभर ठेवू. मी म्हटलं, पाचशे. शंभरच सांगितले तर गिऱ्हाईक भाव पाडणार कुठे, जमिनीखाली? ती म्हणाली, ॲपवर घासाघीस होत नाही. म्हटलं, मग शिकव त्याला.

५ जून.
शिकवलं. कुणी न घेता बंद करायला गेलं की माझा आवाज येतो, निघालास कुठे, थांब, तुझं नाही माझं नाही, चारशे दे. परत निघाला की आणखी उतरतं. नातीने विचारलं, शेवटचा भाव काय घालू. शेवटचा भाव मी सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितला नाही. म्हटलं, काही घालू नकोस. माणूस दोनदा निघेल, तिसऱ्यांदा लाजेल.

१० जून.
लाजत नाहीत.
कुठल्याशा वसतिगृहातल्या पोरींनी युक्ती शोधलीय. निघायचं, थांबायचं, निघायचं, थांबायचं, आणि एक रुपयाला घ्यायचं. एक म्हणजे एक. खप मात्र जोरात आहे. मुलगा म्हणतो याला खप म्हणत नाहीत. त्याला धंद्यातलं काय कळतं, तो बँकेत आहे.

११ जून.
निश्चय: नरम पडायचं नाही. थांब हा शब्द जास्त कडक आवाजात रेकॉर्ड केला.
दुपारी सून म्हणाली, आता लोक आधीपेक्षा लवकर निघतात. सुनेकडे दुर्लक्ष केलं.

१७ जून.
एकाने पाचशे मोजले. हूं नाही की चूं नाही. पारखी माणूस. लगेच किंमत सहाशे करायला लावली. नात कपाळाला हात लावून बसली. आनंद सगळ्यांना सारखा दाखवता येत नाही.

१८ जून.
पारखी माणूस म्हणजे आमचा मुलगा. पहाटे त्याच्या उशाखालून माझाच आवाज आला. अट घालणारा हाच, विकत घेणाराही हाच. विचारलं, बाबा रे, घासाघीस का नाही केलीस. म्हणे, आई, तू थांब म्हटल्यावर पुढे पाऊल टाकायची मला सवयच नाही.
किंमत पाचशेवर आणली. तात्पुरती.

२९ जून.
नात म्हणाली, कमाई काही दिसत नाही, उद्या जाते. राहायचं तर एकच मागणं, शंभर हा एकच भाव, आणि किंमत तिच्या हातात. नाही म्हटलं. तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

३० जून, सकाळ.
माझी उशी सापडत नाही. या घरात वस्तू जागेवर राहतील तर शपथ.
नात बॅग घेऊन निघाली. मी खाटेवरून हलले नाही. निघालेल्या गिऱ्हाईकाकडे बघायचं नसतं. ती दाराशी गेली. मी भिंतीकडे बघत म्हटलं, निघालीस कुठे, थांब, तुझं नाही माझं नाही, तीनशे ठेवू. ती जिन्यावर. दोनशे म्हटलं. खालून चपला वाजल्या तेव्हा शंभर म्हटलं, किंमत तू ठरव म्हटलं, खिडकीजवळची माझी खाटसुद्धा घे म्हटलं. खाट तर तिने मागितलीही नव्हती.
चपला वर आल्या.
मुलाला सांगितलं, पोरीला आणखी सहा महिने दे. तो लगेच हो म्हणाला. पेपर तोंडासमोर धरून म्हणाला, आणि पेपर हलत होता.

३० जून, दुपार.
सौदा अगदी माझ्या मनासारखा झाला. हातोटी लागते.

३० जून, संध्याकाळ.
तिची बॅग आत ठेवायला उचलली. एका बोटाने उचलली गेली.
उशी सापडली.